बकरीवर जळणारे वानखडे सर

वानखडे सर बकरीवर जळतात. हे वाक्य मी तपासून लिहितो आहे. त्याला दोन प्रत्यक्षदर्शी आहेत: एक मी आणि दुसरी माझी मुलगी ओवी, जी तेव्हा दुसरीत होती.

त्या वर्षी शाळांना कुलपं लागली होती आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचे वर्ग पालकांच्या मोबाइलवर भरत होते. सर एका लहान खेड्यातल्या शाळेत दुसरी-तिसरीला शिकवायचे. राहायचे मात्र वरवट बकालला, आमच्या शेजारी. घरात रेंज येत नसे, म्हणून त्यांचा वर्ग गच्चीवर भरे. त्यांची गच्ची आणि माझी गच्ची यांच्यामध्ये कमरेएवढी भिंत होती. त्यामुळे त्यांचा वर्ग मी निमंत्रणाशिवाय पाहत असे.

एका सकाळी वजाबाकी चालू असताना सम्यक नावाच्या मुलाच्या मागं, त्याच्या अंगणात, बकरी आली. तिनं दोरीवरच्या चादरीचं टोक तोंडात धरलं आणि ओढायला सुरुवात केली. पडद्यावरच्या प्रत्येक चौकोनातलं पोर वजाबाकी सोडून सम्यकच्या चौकोनाकडे पाहू लागलं. सरांनी आवाज चढवला. मग फळ्यावर डस्टर आपटलं. मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन त्यांनी विचारलं,

"काऊन बे, थे बकरी माह्यापक्षा भारी हाये का?"

पोरांनी प्रश्नावर विचार केला. एका मुलीनं प्रामाणिकपणे सांगितलं, "हाव सर."

दुसऱ्या दिवशी सरांच्या गच्चीवर बकरी होती. गल्लीच्या टोकाच्या रुखमाबाईंकडून त्यांनी ती एका तासापुरती मागून आणली होती आणि अरुंद जिन्यावरून खांद्यावर वाहून वर चढवली होती. समोर बाभळीचा पाला मांडला होता. "अकरा डहाळ्या. बकरीनं चार खाल्ल्या. उरल्या किती?" बकरीनं गणित ऐकलं नाही. ती चारवर थांबली नाही, आठवर थांबली नाही, शेवटची डहाळी संपवून ती सरांच्या बाहीकडे वळली. तेवढ्यात सगळा वर्ग ओरडला, "शून्य!" शून्य म्हणजे काय, हे त्या वर्गाला एका सकाळीत कळलं. ओवीच्या शाळेनं त्यासाठी पंधरवडा घेतला होता.

सर खूश झाले असतील असं मला वाटलं. संध्याकाळी ते भिंतीपाशी आले. चेहरा उतरलेला.

"पालकायचे फोन येऊन राह्यले," ते म्हणाले. "पोरं दिवसभर बकरीचंच बोलून राह्यले म्हने. माहं नाव एकानंही काढलं नाही."

सरांचा मत्सर नि:पक्षपाती होता. ते कुकरवर जळायचे, कारण कोणाच्या घरात शिट्टी झाली की पोरांचे डोळे आत वळायचे. ते लग्नाच्या बँडवर जळायचे. कोणाचे मामा आले, की त्या मामांवर जळायचे. ज्याच्याकडे पोरांनी पाहिलं, तो त्या दिवसापुरता त्यांचा प्रतिस्पर्धी. आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला ते दुसऱ्या दिवशी वर्गात ओढून आणायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजून बेरीज. बँडच्या तालावर बाराखडी. एका मुलाच्या मामांना तर त्यांनी फोनपुढे बसवून अकोल्याहून इथपर्यंत लागणारी गावं क्रमानं म्हणायला लावली. मामा मध्येच चुकले. सरांना त्याचं समाधान लपवता आलं नाही.

तेव्हा एका शिकवणीच्या अ‍ॅपमध्ये एक निळा हत्ती होता. टोपी घालून तो पाढे म्हणायचा. तिसरीतल्या दोघा-तिघांच्या घरी तो पोहोचला, तेव्हा सरांनी एक अख्खी दुपार त्या हत्तीसमोर घालवली. मी भिंतीवरून विचारलं, "काय पाहता?"

"पाढे तं माहेच चांगले हायेत," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "सोंड हाये म्हनून लोकं पाहून राह्यले त्याले."

सकाळी ते मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबची सोंड नाकाला बांधून वर्गावर आले. त्या ट्यूबमधून त्यांनी सातचा पाढा म्हटला. आवाज असा निघाला, की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली आणि आमच्या समोरच्या घरातले आजोबा काठी घेऊन बाहेर आले. सात नव्वे त्रेसष्टपर्यंत पोहोचेपर्यंत निळा हत्ती हरलेला होता. हे मी लिहितो आहे, कारण ते खरं आहे. मला ते लिहायला आवडतं असं नाही.

वर्गाच्या वेळी सर पूर्ण पोशाखात असत. इस्त्रीचा सदरा, पट्टा, पॉलिश केलेले काळे बूट. फोनमध्ये छातीच्या खालचं काही दिसत नाही, हे मी त्यांना एकदा दाखवून दिलं. "बूट घातल्याशिवाय माहा आवाजच निंघत नाही," ते म्हणाले. गच्चीवर ऊन इतकं असे, की त्या बुटांतून त्यांना चटके बसत असतील. पण ते एका जागी उभे कधी नसायचेच.

आता माझ्याविषयी दोन ओळी, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. त्या वर्षी वर्तमानपत्राची पानं कमी झाली, माणसं घरी पाठवली गेली. मला घरून काम करण्याची मुभा मिळाली आणि मी बायको-मुलीसह गावी आलो. ओवीची शाळा शहरातली. तिच्या मॅडम पडद्यावर पुस्तकाचं पान लावत आणि तेच वाचून दाखवत. अधूनमधून "एव्हरीबडी म्यूट" म्हणत. ओवी म्यूट व्हायची आणि गच्चीच्या भिंतीवर चढून बसायची. महिनाभरात ती वानखडे सरांच्या वर्गाची बिनकागदी विद्यार्थिनी झाली होती. आईचा फोन घेऊन ती त्यांच्या वर्गात रीतसर हजर राहू लागली. "मले" आणि "तुले" म्हणू लागली. तिच्या आईला हसू येई. मला येत नसे.

मी स्पर्धेत उतरण्याचा एक प्रयत्न केला. जेवताना तिला गोष्ट सांगायची ठरवली. पंधरा वर्षं इतरांच्या बातम्या दुरुस्त केलेल्या माणसाला एक गोष्ट सांगता येऊ नये, असं काही कारण नव्हतं.

"एका गावात एक मांजर विहिरीत पडलं," मी म्हणालो. "गावकऱ्यांनी त्याला बाहेर काढलं. मांजराची प्रकृती स्थिर आहे."

"का पडलं ते?" ओवीनं विचारलं.

"कारण समजू शकलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. झालं."

तिनं माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "बाबा, तुम्हाला गोष्ट येत नाही. वानखडे सरांनी मांजराचा आवाज काढला असता."

त्यानंतर मी सरांकडे अधिक बारकाईनं पाहू लागलो. माझ्या धंद्यात याला पाठपुरावा म्हणतात. मला त्यांच्यात एखादा मोठा दोष हवा होता. आठवडाभर पाहून एवढीच माहिती हाती लागली: सर एकटे राहतात. स्वयंपाक स्वतः करतात, तो खारट होतो, आणि त्याचा दोष ते आमच्या भागातल्या खाऱ्या पाण्याला देतात. पत्नी कोकणात शिक्षिका आहेत. नवरा-बायकोला एका जिल्ह्यात आणण्याच्या बदलीचा अर्ज काही वर्षांपासून वर फिरतो आहे. मुलगा सुजात आईजवळ असतो. दिवाळीत आणि मे महिन्यात भेट व्हायची. त्या वर्षी मे महिन्यात एसटीच बंद होती.

पावसाळा सरत आला, तशी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, फुलं लागली आणि कृषी खात्याचे सापळे आले. कामगंध सापळा म्हणजे प्लास्टिकचं एक झाकण, त्याखाली नरसाळं आणि त्याला लटकणारी लांब पिशवी. झाकणाखाली एक एवढीशी गोळी असते. तिला बोंडअळीच्या मादी पतंगाचा वास असतो. नर पतंग त्या वासानं येतात आणि पिशवीत पडतात. पिशवीत किती पतंग पडले, यावरून शेतात अळी किती येणार याचा अंदाज घ्यायचा आणि मग फवारणी करायची की नाही ते ठरवायचं. बीटीचं बियाणं आलं तेव्हा बोंडअळी संपली असं सगळ्यांनी धरलं होतं. गुलाबी अळी परत आली, तसे हे सापळे आले. शेतकऱ्यांनी ते बांधले आणि विसरले. पिशवीत डोकावायला वेळ कोणाला होता?

सरांनी एका मुलीच्या फोनवर तो सापळा पहिल्यांदा पाहिला. ती मुलगी सानिया. तिचे वडील हनीफभाई यांची पऱ्हाटी रस्त्यालगतच होती. सरांनी सानियाला गोळीजवळ फोन न्यायला लावला. मग स्वतःचा फोन डोळ्यांपाशी नेला.

"एवढीशी गोळी," ते म्हणाले. "ना आवाज, ना सोंड. आन पतंगं शेतं ओलांडून धावत येऊन राह्यले."

वर्ग संपल्यावर भिंतीपाशी येऊन त्यांनी मला विचारलं, "पोरायसाठी अशी गोळी नाही काहो निंघत?"

ते गोळीवर जळत होते. नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी गोळी वर्गात आली. ज्यांच्या शेतात सापळा आहे, त्यांनी सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे आणि वर्गात आकडा सांगायचा. बाकीच्यांनी त्यांची बेरीज करायची. ज्वारीचे दाणे ओळीत मांडून कोणाची ओळ लांब, कोणाची आखूड, ते दाखवायचं. ज्याच्या सापळ्यात सर्वांत जास्त, तो त्या दिवसाचा पतंगराजा. पतंगराजाला पुठ्ठ्याचा मुकुट, तोही सर स्वतःच्या डोक्यावर घालून दाखवणार, आणि राजानं सांगितलेलं गाणं सगळ्या वर्गानं म्हणायचं.

खेळ अफाट चालला. जी पोरं उठायला कुरकुर करायची, ती उजाडताच शेतात पळू लागली. वडील मंडळीही सापळ्यात डोकावू लागली. ओवी मागं लागली म्हणून मला परसातल्या दोन पऱ्हाट्यांना सापळा बांधावा लागला, त्यात एक मुंगळा पडला. मी आमच्या दैनिकासाठी सरांवर एक छोटी चौकट लिहिली. लिहिताना तीन विशेषणं काढून टाकली. ती काढण्याचं व्यावसायिक कारण होतं असं मी कार्यालयाला सांगितलं असतं, पण कोणी विचारलं नाही.

पतंगराजा मात्र रोज सम्यकच व्हायचा. त्याच्या वडिलांचं शेत नाल्याकाठी होतं, तिथं पतंग जास्त येत. सानियाच्या पिशवीत कधी एक, कधी काहीच नाही. खरं म्हणजे ही हनीफभाईंसाठी आनंदाची बातमी होती. पण वर्गात तिला कोणी मुकुट देत नव्हतं. सम्यकनं तिला भर वर्गात म्हटलं, "तुह्या वावरात पतंगं बी येत नाही बे, काय कामाचं वावर!"

दोन-तीन दिवसांनी सानियाची पिशवी भरली. इतकी, की मोजता मोजता तिचा आवाज चढला. सरांनी मुकुट घातला, वर्गानं तिचं गाणं म्हटलं. त्याच पिशवीकडे हनीफभाईंनीही पाहिलं. पतंग वाढले की अळी येते, हे आता त्यांनाही पोरीच्या फोनमुळे पाठ झालं होतं. ते कृषी केंद्रातून महागाची बाटली घेऊन आले आणि नाकाला रुमाल बांधून दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे सुजले होते.

त्या सकाळी पिशवी पुन्हा भरलेली होती. सानियानं ती फोनपुढे धरली. सम्यक आपल्या चौकोनातून जवळ जवळ येत पाहत होता.

"सर, याच्यात हिरवं पाखरू हाये! हे बोंडअळीचं नाही. हे दिव्यावरचे किडे होय! इनं दिव्याखालचे गोळा करून पिशवीत टाकले!"

वर्ग हसला. मग एकदम थांबला. कारण सानियाच्या चौकोनात मागं हनीफभाई उभे होते, सुजलेल्या डोळ्यांनी, आणि त्यांनी ते ऐकलं होतं. त्यांनी फोन घेतला. चौकोन काळा झाला.

तो काळाच राहिला. हनीफभाई फोन खिशात घालून शेतात जायचे आणि सानियालाही बरोबर न्यायचे. वेचणीचे दिवस जवळ आले होते. वेचणीला गेलेली पोरगी पुन्हा शाळेच्या वाटेला लागतेच असं नाही. हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि सरांना तर मुळीच नाही. ते रोज हजेरीत तिचं नाव घ्यायचे, उत्तराची वाट पाहायचे, मग पुढचं नाव. वर्ग संपला की बुटांवरच मोटारसायकल काढून हनीफभाईंच्या शेताच्या धुऱ्यावर जायचे आणि हात हलवत परत यायचे.

मी म्हणालो, "सर, बाकीचा वर्ग तर आहे ना."

"बाकीचा हायेच," ते म्हणाले. "पन थे नाही."

एक दिवस बोंडअळीची बातमी करायची म्हणून मी त्यांच्या मागं बसून गेलो. हनीफभाईंनी आम्हाला लांबूनच पाहिलं.

"या गुरुजी, या. आज काय आनलं? बकरी का हत्ती?"

"हनीफभाई, पोरीले वर्गात बसू द्या."

"बसली होती ना. शिकली. खोटं मोजाले शिकली."

"चूक तिची नाही, माही हाये. जास्त मोजते त्याले राजा मीच करत होतो."

"तं मंग त्या राजाले फवारनीले पाठवाचं होतं!"

मला हसू आलं. ते मी दाबलं. हनीफभाई मात्र हसत नव्हते. त्यांनी हातातली काडी मोडून टाकली.

"पाहा गुरुजी. बीटीची पिशवी आली तवा सायेब लोकं सांगून गेले, अळी येनारच नाही. आली. दवाईवाला बोलला, एका फवाऱ्यात साफ. झाली नाही. ठीक हाये, थे बाहेरचे लोकं. आता घरचं लेकरू बी मले खोटं सांगते तं मी भरोसा ठेवू कोनावर?" मग म्हणाले, "तुमचं लेकरू तं दूर हाये. तुमाले नाही समजनार."

सरांनी नजर वळवली. पलीकडच्या ओळीत सानिया कमरेला फडकं बांधून उभी होती. सरांनी तिच्याकडे पाहून भुवया वरखाली केल्या. या भुवयांवर दुसरीचा वर्ग लोळायचा. तिनं मान खाली घातली आणि पाठमोरी झाली. परतीच्या वाटेवर सर गप्प होते. त्यांना गप्प असलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचा मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

पुढचं संभाषण मला हनीफभाईंनी नंतर सांगितलं. सर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. या वेळी त्यांनी पोरीबद्दल शब्द काढला नाही.

"हनीफभाई, पोरायचा त्या पतंगावरून भरोसा उडाला," ते म्हणाले. "रोज भांडून राह्यले, तुहा खोटा, तुहा खोटा. खरी अळी कशी पाह्याची थे तुमीच सांगा त्यायले. माह्या तं हातानं बोंड बी नीट फुटत नाही."

"मी? म्या सातवी सोडली गुरुजी."

"सातवीवालाच पाह्यजे. पोरं दुसरीत हायेत."

हनीफभाई बराच वेळ नाही म्हणत होते. पण नाही म्हणता म्हणता त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून नीट बांधला होता.

"दोन्ही हातानं बोंड फोडा लागते," ते म्हणाले. "फोन कोन धरन?"

"सानिया धरन ना," सर म्हणाले.

ठरल्या दिवशी सरांनी वर्ग सुरू केला, दोन वाक्यांत पाहुण्यांची ओळख करून दिली आणि आपला कॅमेरा बंद केला. माझ्या माहितीप्रमाणे हे प्रथमच घडत होतं. बूट घातलेले होते. भिंतीच्या या बाजूला ओवी आईचा फोन घेऊन मांडी घालून बसली होती.

"हॅलो! आवाज येऊन राह्यला का?" हनीफभाई इतक्या मोठ्यानं ओरडले, की फोनशिवायही आला असता.

"हाव चाचा!"

त्यांनी एक हिरवं बोंड तोडलं, दोन अंगठ्यांनी फोडलं आणि फोनसमोर धरलं. आत सरकीला चिकटून गुलाबी अळी बसली होती. पोरांनी किंकाळी फोडली. "घाबरू नका बे. ही नवरीवानी दिसते, पन घर खाते," हनीफभाई म्हणाले. मग फोनचा त्यांना अंदाज आला, आणि मग ते थांबेनात. बोंडावरून ते मुंग्यांवर गेले, मुंग्यांवरून आपल्या लहानपणी चोरलेल्या भुईमुगावर. शेंगा लपवायला टोपी कशी उलटी घातली आणि मास्तरांनी वाकून नमस्कार करायला सांगितल्यावर काय झालं, तेही त्यांनी करून दाखवलं. सम्यक हसता हसता आपल्या चौकोनाबाहेर पडला. ओवी आडवी झाली.

"एवढं हासाले काय झालं?" सर माझ्या शेजारी उभे राहून पुटपुटले. "भुईमूग मीबी चोरला होता."

"चाचा, उद्या बी या!" फोनमधून कोणीतरी ओरडलं.

"चाचा!" सर म्हणाले. "पाह्यलं का? मले इतक्या वर्षांत कोनी काका म्हटलं नाही."

"जळता काय सर?" मी विचारलं.

"हाव," ते म्हणाले.

मला बरं वाटलं. त्याची नोंद इथं करणं आवश्यक आहे. पण सर हनीफभाईंकडे पाहतच नव्हते. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, भिंगाच्या कडेला, फोन धरणाऱ्या हाताचा एक अंगठा दिसत होता, मेंदी उतरत आलेला. हनीफभाई जोरात बोलले की तो हलायचा. सानिया हसत होती. सर त्या अंगठ्याकडे पाहत होते.

तेवढ्यात त्यांच्या फोनच्या वरच्या बाजूला दुसऱ्या फोनची पट्टी आली. कोकणातून. सरांनी पट्टीकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. फोन घेतला तर वर्ग तुटणार होता. पट्टी वाजून वाजून गेली.

"तुमचा फोन देता का जरासा?" ते मला म्हणाले. आपला फोन त्यांनी माझ्या हातात दिला. "हालवू नका. तुटते."

मी त्यांचा वर्ग धरून उभा राहिलो. ते माझा फोन घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले. रेंजसाठी हात उंच धरावा लागत होता, म्हणून त्यांनी आवाज मोठ्यावर ठेवला होता. मी ऐकायचं नाही असं ठरवलं नव्हतं.

"बाबा, लवकर बोला," एका लहान मुलाचा आवाज आला. "आमच्या सरांचा वर्ग सुरू होतोय. आज ते जादू दाखवणार आहेत."

"हो का?" सर म्हणाले. त्यांची भाषा बदलली होती. वऱ्हाडी पूर्ण गेली होती. पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द जपून ठेवत ते बोलत होते. "जेवलास का?"

"जेवलो. आमचे सर खूप भारी आहेत बाबा. सगळे हसतात. परवा तर ते झाडावर चढले होते."

"झाडावर?"

"हो. तुमच्या वर्गात पण मजा येते का?"

भिंतीच्या या बाजूला ओवी अजून हसत होती. माझ्या हातातल्या फोनमध्ये सगळे चौकोन हसत होते. सरांनी वळून एकदा तिकडे पाहिलं.

"नाही रे," ते म्हणाले. "तुझ्या सरांसारखं मला कुठं येतं?"

"मग त्यांना विचारा तुम्ही."

"विचारतो. तू जा आता. उशीर झाला तर सुरुवातीची जादू चुकेल तुझी."

पलीकडून फोन बंद झाला. सर थोडा वेळ हात तसाच उंच धरून उभे राहिले. मग आले, माझा फोन सदऱ्याच्या टोकानं पुसून मला दिला आणि स्वतःचा फोन माझ्या हातातून दोन्ही हातांनी, न हलवता, परत घेतला.

"तुमच्या फोनचा आवाज साफ येते हो," ते म्हणाले, आणि हनीफभाईंचं संपण्याची वाट पाहत बसले.